रशियाची भूगर्भसंपदा आणि वाहिन्यांचे राजकारण

१ जानेवारी २०२५ रोजी युक्रेनमार्गे युरोपकडे वाहणारा रशियन नैसर्गिक वायू थांबला. पाच वर्षांच्या वाहतूक कराराची मुदत संपली होती आणि युक्रेनने तो पुढे वाढवण्यास नकार दिला होता. वस्तुतः नवल थांबण्याचे नव्हते, इतके दिवस वाहत राहण्याचे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटल्यानंतरही जवळपास तीन वर्षे हा वायू युक्रेनच्याच भूमीखालून जात होता आणि त्यासाठी रशिया आपल्या शत्रूला वाहतूक शुल्कही मोजत होता. रशियाच्या खनिज संपत्तीचे सामर्थ्य आणि त्या सामर्थ्याची मर्यादा या एकाच विसंगतीतून उलगडते.

क्षेत्रफळाने जगात सर्वांत मोठ्या असलेल्या या देशाकडे नैसर्गिक वायूचे जगातील सर्वाधिक ज्ञात साठे आहेत. खनिज तेलाच्या उत्पादनात अमेरिका आणि सौदी अरेबिया यांच्याबरोबर त्याची गणना होते. वाहनांच्या धूरशुद्धीकरणासाठी लागणारा पॅलॅडियम धातू, निकेल, खते, गहू आणि अणुभट्ट्यांसाठीचे समृद्ध युरेनियम यांच्या जागतिक बाजारातही रशियाचे स्थान मोठे आहे. मात्र जमिनीखाली संपत्ती असणे आणि तिच्या बळावर जगाला वाकवणे, यांत अंतर असते. संपत्ती कोणत्या वाटेने ग्राहकापर्यंत पोहोचते, यावर ते अंतर ठरते.

तेल आणि वायू यांतील भेद येथे महत्त्वाचा आहे. तेल जहाजात भरता येते. एका ग्राहकाने पाठ फिरवली, तर जहाज दुसऱ्या बंदराकडे वळते. वायूचे तसे नाही. तो जहाजाने न्यायचा तर उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रवरूप करावा लागतो आणि त्यासाठी दोन्ही टोकांना खर्चिक यंत्रणा उभारावी लागते. म्हणूनच रशियन वायू प्रामुख्याने वाहिन्यांतून विकला गेला. वाहिनी म्हणजे जमिनीत पुरलेला करारच. तो ग्राहकाला बांधतो, तसाच विक्रेत्यालाही.

१९६० च्या दशकात पश्चिम सायबेरियात समोत्लोर, उरेंगोय यांसारखी प्रचंड तेल व वायुक्षेत्रे सापडली. त्याच दशकात पूर्व युरोपला तेल पुरवणारी ‘द्रुझबा’, म्हणजे ‘मैत्री’ या नावाची वाहिनी सुरू झाली. पुढे उरेंगोयपासून पश्चिम युरोपपर्यंत वायुवाहिनीची आखणी झाली, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्या प्रकल्पावर निर्बंध लादले. परंतु त्यांच्या निकटच्या स्नेही, ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनीच त्यास विरोध केला. नोव्हेंबर १९८२ मध्ये ते निर्बंध मागे घ्यावे लागले. ऊर्जेची गरज मित्रराष्ट्रांतही फूट पाडू शकते, हे तेव्हाच दिसून आले.

जानेवारी २००९ मध्ये दर आणि थकबाकीच्या वादातून रशिया-युक्रेन संघर्ष विकोपाला गेला आणि ऐन कडाक्याच्या थंडीत आग्नेय युरोपचा पुरवठा सुमारे दोन आठवडे खंडित झाला. त्यानंतर युक्रेनला वगळून बाल्टिक समुद्राच्या तळातून जाणारी ‘नॉर्ड स्ट्रीम’ २०११ मध्ये सुरू झाली. २०२१ पर्यंत युरोपीय संघाच्या वायू आयातीत रशियाचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक झाला होता.

२०२२ मध्ये रशियाने हा पुरवठा टप्प्याटप्प्याने आवळला. युरोपात वायूचे दर भडकले, कारखान्यांनी उत्पादन घटवले. परंतु युक्रेनला होणारी मदत थांबली नाही. जर्मनीने काही महिन्यांत द्रवरूप वायू उतरवून घेण्याची सोय उभारली, अमेरिका आणि नॉर्वेकडून खरेदी वाढली. रशियन वायू पूर्णतः बंद झाला नाही. तुर्कस्तानमार्गे आणि जहाजांतून काही पुरवठा पुढेही होत राहिला. तरीही मुख्य बाजारपेठ हातची गेली. ‘गॅझप्रोम’ या रशियन वायू कंपनीला २०२३ मध्ये ६०० अब्ज रुबलहून अधिक तोटा झाला.

हा वायू चीनकडे वळवता आला नाही, याचे कारणही भूगोलातच आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘पॉवर ऑफ सायबेरिया’ वाहिनीची क्षमता वर्षाला ३८ अब्ज घनमीटर आहे. युरोपीय संघ २०२१ मध्ये सुमारे १५० अब्ज घनमीटर रशियन वायू घेत होता. शिवाय ही वाहिनी पूर्व सायबेरियातील क्षेत्रांना जोडलेली आहे. युरोपला वायू देणारी क्षेत्रे हजारो किलोमीटर पश्चिमेला आहेत.

तेलाने मात्र दुसरी वाट शोधली. ‘जी-७’ राष्ट्रांनी डिसेंबर २०२२ मध्ये रशियन तेलावर प्रतिपिंप ६० डॉलरची मर्यादा घातली, तरी जहाजे आशियाकडे वळली. युद्धापूर्वी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. २०२३ मध्ये तो एक तृतीयांशाच्या घरात गेला. या व्यवहारात सवलतीचा लाभ भारतीय खरेदीदारांना झाला आणि दर ठरवताना त्यांचा शब्द वजनदार ठरला. ग्राहक थोडे उरले की विक्रेत्याचा रुबाब कमी होतो.

रशियाचा प्रभाव संपला, असा याचा अर्थ नाही. अणुइंधनासारख्या क्षेत्रात पर्याय उभे राहण्यास वर्षे लागतात आणि तोवर त्याच्या विरोधकांनाही त्याच्याशी व्यवहार करावा लागतो. मात्र पुरवठा रोखण्याची धमकी ती प्रत्यक्षात येईपर्यंतच धाक निर्माण करते. एकदा ती अमलात आली की ग्राहक दुसरी वाट शोधतो आणि जमिनीतल्या जुन्या वाहिन्या रित्या राहतात.