काचेवरील अदृश्य लेप

स्वच्छ काच सर्व प्रकाश आरपार जाऊ देते, असा आपला समज असतो. तो खरा नव्हे. हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. ज्या दुर्बिणीत सहा सुटी भिंगे असतात, तिच्यात अशा बारा सीमा येतात. त्या ओलांडून डोळ्यापर्यंत जेमतेम ६१ टक्के प्रकाश पोचतो.

या हानीवरचा उपाय एका दोषातून सापडला. जुनी, डागाळलेली भिंगे नव्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश पलीकडे नेतात, असे १८९२ साली इंग्रज भिंगतज्ज्ञ हॅरॉल्ड डेनिस टेलर यांना आढळले. काचेवर कालमानाने बनलेला पातळ थर हे त्याचे कारण होते. अशा थराची जाडी त्यातील प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असली, म्हणजे थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणाऱ्या तरंगांपैकी एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यावर पडतो. दोन्ही परस्परांना निष्प्रभ करतात, आणि जो प्रकाश परतला असता तो पुढे जातो.

१९३८ साली अमेरिकेत कॅथरिन ब्लॉजेट यांनी काचेवर प्रत्येकी एका रेणूइतक्या जाडीचे ४४ थर चढविले. तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक प्रकाश पार गेला. परंतु तो लेप सहज पुसला जाई. निर्वात पेटीत मॅग्नेशियम फ्लुओराइडची वाफ काचेवर बसविण्याची रीत अधिक टिकाऊ ठरली. ती आजही प्रचारात आहे.

तथापि पावसाचे थेंब काचेवर पसरले की प्रकाश पुन्हा विखुरतो. अळवावरचे पाणी मात्र पानाला चिकटत नाही. पानावरील सूक्ष्म, मेणचट उंचवट्यांत हवा अडकते व थेंब तिच्यावर तोलला जातो. निशाचर पतंगाच्या डोळ्यावरही उंचवटे असतात, पण ते तरंगलांबीहून लहान. त्यामुळे प्रकाशाला हवेतून डोळ्यात शिरताना एकदम सीमा लागत नाही, आणि परावर्तन अत्यल्प होते. असे उंचवटे काचेवर कोरून त्यांना पाणी झटकणाऱ्या रसायनाचा मुलामा दिला, तर एकच पृष्ठभाग दोन्ही कामे करतो, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. सौरपट्ट्यांना अशी काच मोलाची ठरेल.

अडचण एकच आहे: घासताच हे उंचवटे मोडतात. ब्लॉजेट यांच्या लेपाला जो प्रश्न पडला, तोच आजच्या संशोधकांपुढे उभा आहे. प्रकाशाला वाट करून देणारा लेप आता माणसाच्या हाताचा स्पर्शही सोसेल, असा घडवावयाचा आहे.