जीप-ट्रकाचे नियामक दांडे व त्यांचा जीर्णोद्धार

पोथ्या, पत्रें व ताम्रपट यांच्या पंक्तीस लोखंडी दांड्यांचा विषय बसलेला पाहून वाचकांस किंचित् विस्मय वाटेल. परंतु जुन्या वस्तूंतील मूळ भाग कोणता व मागाहून पडलेली भर कोणती हें ओळखणें, आणि जें झिजलें असेल तें कल्पनेनें न भरतां पुराव्यानें भरणें, हें काम कागदाप्रमाणें यंत्रावरहि करावें लागतें. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दुसऱ्या महायुद्धांतील एक जीप मिळविली असून, तिच्या दांड्यांची व सूचनापट्ट्यांची दुरुस्ती करतांना ‘अक्षरें वाचण्यासाठीं’ म्हणून त्यानें आम्हांस बोलाविलें. आम्ही अक्षरें वाचावयास गेलों आणि दांड्यांतच अधिक गुंतलों. तेथें जें समजलें तें येथें देत आहों.

प्रथम नांवाविषयीं. जीप ही लोकांच्या तोंडची संज्ञा होय. अमेरिकन सैन्याच्या दप्तरीं हिची नोंद ‘ट्रक, पाव टन, चार गुणिले चार’ अशी आहे. पाव टन हा तिनें वाहावयाचा भार; पहिले चार म्हणजे एकूण चाकें, दुसरे चार म्हणजे यंत्राची शक्ति जेथवर पोंचते तीं चाकें. १९४१ ते १९४५ या काळांत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या निर्माण झाल्या. ओहायो संस्थानांतील टोलीडो येथील विलीज-ओव्हरलँड कंपनीची ‘एम्. बी.’ आणि त्याच आराखड्यावर फोर्ड कंपनीनें केलेली ‘जी. पी. डब्ल्यू.’ असे तिचे दोन वंश आहेत. दोहोंचे बहुतेक भाग परस्परांस बसत असल्यामुळें पुढील दुरुस्त्यांत त्यांचा मोठा संकर झालेला आढळतो. सुदैवानें फोर्डनें आपल्या भागांवर, बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धां, ‘एफ्’ हें अक्षर उठविलेलें असतें. ग्रंथाच्या शेवटीं असणाऱ्या पुष्पिकेचें काम हें एक अक्षर करतें. आमच्यासमोरील गाडी विलीजची होती. तरी दांड्यांच्या आसपासचे चार बोल्ट फोर्डचे निघाले. ते बदलूं नयेत असें आम्हीं सुचविलें. संकर हाहि त्या गाडीचा इतिहासच आहे.

सुकाणूचें चक्र डावीकडे असल्यानें चालकाचा उजवा हात मोकळा राहतो व त्याच हाताशीं तीन दांडे उभे असतात. पहिला मुख्य गिअरचा. तो डावीकडे घेऊन पुढें ढकलला कीं उलट गिअर, तेथूनच मागें ओढला कीं पहिला. उजवीकडे घेऊन पुढें दुसरा व मागें तिसरा. आजच्या चालकाच्या हातास डावीकडे पुढें म्हणजे पहिला गिअर अशी संवय जडलेली असते. या गाडींत ती संवय घातक आहे, कारण गाडी पुढें जावयाच्या ऐवजीं मागें जाते. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरास दांत्यांचा वेग आपोआप जुळविणारी योजना आहे. पहिल्यास व उलट्यास ती नसल्यामुळें ते घालतांना गाडी स्थिर असली पाहिजे.

उरलेले दोन दांडे ट्रान्स्फर-केस नामक दुसऱ्या पेटीचे. त्यांपैकीं एकानें पुढील आंस शक्तीशीं जोडतां अथवा सोडवितां येतो. दुसऱ्यानें शीघ्र व मंद अशा दोन श्रेणींची निवड होते. मध्यें ठेवल्यास चाकांकडे शक्ति जातच नाहीं. मंद श्रेणीचें प्रमाण १.९७ आहे. पहिल्या गिअराचें २.६६५ व आंसाचें ४.८८, यांचा गुणाकार सुमारे २५.६ येतो. म्हणजे पहिल्या गिअरांत व मंद श्रेणींत चाकाच्या एका फेऱ्यास यंत्र साडेपंचवीस फेरे फिरतें. चढणीवर हिच्या अंगीं दिसणारें बळ तें हेंच.

हें बळ बेताल होऊं नये म्हणून मूळ रचनाकारांनीं दोन्ही दांड्यांच्या सळयांमध्यें एक लहानशी अटकावाची गोळी बसविली आहे. पुढील आंस जोडल्याखेरीज मंद श्रेणी पडूं न देणें हें तिचें कार्य. दुप्पट झालेला जोर दोन आंसांत वांटला जावा, एकट्या मागल्या आंसावर पडूं नये, हा त्यांतील हेतु. आमच्या गाडींत मंद श्रेणी वाटेल तेव्हां पडत होती व मालक त्यास गाडीचा गुणच समजत होता! पेटी उघडली तेव्हां गोळीची जागा रिकामी आढळली. पूर्वीच्या कोणा कारागिरानें ती मुद्दाम काढली कीं जोडतांना विसरली, हें सांगतां येत नाहीं. व्याकरणांत प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याचें कार्य शिल्लक राहतें. यंत्रांत तसें घडत नाहीं. नवी गोळी बसविण्यांत आली.

आतां झिजेविषयीं. हे दोन्ही दांडे ज्या खिळीवर डोलतात तिचीं भोंकें लंबगोल झालीं होतीं, आणि दांड्यांचीं खालचीं टोकें, जीं सळयांच्या खांचांत अडकतात, तीं बरींच झिजलीं होतीं. त्यामुळें होणारा खडखडाट थांबविण्यासाठीं कोणीं रबरी नळीचे तुकडे तारेनें बांधले होते. भोंकें मोठीं करून त्यांत पितळी बुश ठोकले. टोकांवर वेल्डिंगनें धातु चढवून तीं कानशीनें मापास आणलीं. येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. टोक खांचेंत घट्ट बसेल इतकें भरूं नये. सळईवर ठराविक ठिकाणीं खळगे असतात व स्प्रिंगनें दाबलेली गोळी त्यांत पडली म्हणजेच गिअर स्थिर होतो. दांडा फार घट्ट असेल तर तो सळईस खळग्यापर्यंत जाऊं देत नाहीं आणि भार पडतांच गिअर सुटतो. मग दोष नसलेल्या दांत्यांवर खर्च होतो. थोडी ढिलाई ही मूळ रचनेचाच भाग होय.

पुढील आंसाचा दांडा कधीं कधीं ओढूनहि सुटत नाहीं. तो मात्र बहुधा दांड्याचा दोष नसतो. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांहून अधिक अंतर कापतात, आणि दोन आंसांमधील हा फरक सामावून घेण्याची सोय या गाडींत नाहीं. कठीण रस्त्यावर आंस जोडून चालविल्यास त्यामुळें ताण सांठतो व सळई आवळली जाते. गाडी किंचित् मागें घेतली कीं दांडा सहज सुटतो. आमच्या देखत एका दांडग्या तरुणानें त्यास हातोड्यानें सोडविण्याचा बेत केला होता.

ज्या पट्टीसाठीं आम्हांस बोलावणें होतें ती चालकाशेजारच्या कप्प्याच्या झांकणावर आहे. प्रत्येक गिअरांत ताशीं किती मैलांहून अधिक वेग नसावा याचें तें कोष्टक. शीघ्र श्रेणींत तिसऱ्या गिअरास ६५ व पहिल्यास २४ हे आंकडे स्पष्ट होते. दुसऱ्याचा ४ दिसत होता, पुढील अंक खरवडला गेला होता. रंगाऱ्यानें उरलेल्या तिरक्या रेषेवरून ४७ वाचून तसा रंगहि भरला होता. आम्हांस तो पाठ पटेना. दुसऱ्या गिअराचें प्रमाण १.५६४ आहे, ६५ ला त्यानें भागल्यास ४१.६ येतात. याच रीतीनें पहिल्या गिअराचे २४.४ येतात व पट्टीवर २४ आहेत, यावरून अपूर्णांक सोडून देण्याची पद्धत दिसते. शिवाय मंद श्रेणींत दुसऱ्या गिअरास २१ हा आंकडा शाबूत होता, त्यास १.९७ नें गुणिलें असतां ४१ च्या आसपासच येतात, ४७ नव्हे. पुढें दुसऱ्या एका जीपच्या पट्टीचें छायाचित्र मिळालें, त्यांतहि ४१ च आहे. ४७ वर विश्वासणारा चालक यंत्रास मर्यादेपेक्षां सुमारे एक अष्टमांश अधिक वेगानें फिरविता.

बाजारांत हुबेहूब नव्या पट्ट्या मिळतात. मालकास तीच लावण्याची हौस होती. आमचें मत असें पडलें कीं जुनी पट्टी आहे तेथेंच राहावी, रंगाऱ्याचा रंग तेवढा काढावा, आणि ४१ हा अंक चालकासाठीं वेगळ्या चिठ्ठीवर लिहून कप्प्याच्या आंत लावावा. पुष्कळ वादानंतर तसेंच झालें.

हातब्रेकची मूठ, चोक व हाती थ्रॉटल यांच्या तारा नव्या घालाव्या लागल्या. त्यांत विशेष कांहीं नाहीं. गिअरच्या दांड्यावर मात्र निळ्या कांचेचा, आंत फूल असलेला एक गोळा होता. तो सैन्याचा नव्हे, मागाहून कोणा हौशी चालकानें बसविलेला. तो काढून साधा काळा गोळा लावला आहे. निळा गोळा फेंकूं न देतां, कोठून व कोणत्या दिवशीं काढला हें लिहिलेल्या पाकिटांत, काढलेल्या रबरी तुकड्यांसह मालकाच्या कपाटांत ठेवविला आहे.