बीएमडब्ल्यू ‘३ सीरिज’: नवी घ्यावी की वापरलेली?

दहा-बारा वर्षे जुनी बीएमडब्ल्यू ‘३ सीरिज’ आणि आजची नवी कोरी मध्यम आकाराची होंडा किंवा ह्युंदाई यांचे भाव अनेकदा एकमेकांच्या जवळपास येतात. पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ही तुलना ग्राहकासमोर आवर्जून मांडली जाते आणि तिथेच कित्येकांचा तोल जातो. वर्षानुवर्षे मनात जपलेले स्वप्न आटोक्यात आल्यासारखे वाटते. या हिशेबात एक बाब मात्र सहसा सांगितली जात नाही. वर्षागणिक गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी बारा लाखांना मिळाली, तरी तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स आणि तिचे टायर चाळीस लाखांच्या गाडीचेच राहतात. त्यामुळे अशा गाडीचे मूल्यमापन तिच्या विक्रीच्या भावावरून करणे हीच पहिली चूक ठरते.

‘३ सीरिज’ची परंपरा १९७५ सालची आहे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि वजनाची पुढे-मागे जवळजवळ समसमान विभागणी या सूत्रावर ही गाडी उभी आहे. वळणावर स्टिअरिंगने दिलेला प्रतिसाद हा तिचा खरा दागिना. चामड्याची आसने आणि मोठा पडदा आता बऱ्याच स्वस्त गाड्यांतही मिळतात. चालवण्याची हौस नसलेल्याने या गाडीसाठी एवढे पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. त्याच्यासाठी चाकणला तयार होणारी मर्सिडीजची ‘सी क्लास’ अधिक सुखाची.

भारतात बीएमडब्ल्यूचा कारखाना चेन्नईजवळ २००७ मध्ये सुरू झाला. सध्याची, म्हणजे ‘जी२०’ या सांकेतिक नावाची पिढी ऑगस्ट २०१९ मध्ये येथे दाखल झाली. युरो एनकॅपच्या २०१९ मधील अपघात चाचणीत तिला पाच तारे मिळाले होते. त्यानंतर जानेवारी २०२१ मध्ये आली ती लांब अंगाची ‘ग्रान लिमोझिन’. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २९६१ मिलीमीटर, म्हणजे मूळ गाडीपेक्षा ११० मिलीमीटर जास्त. जगभर ‘चालकाची गाडी’ म्हणून नावाजलेली मोटार भारतात मागे बसणाऱ्या शेठजींसाठी ताणली गेली, हा गमतीचा भाग. तरीही २५८ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन असलेली ही लांब गाडी शून्यापासून शंभरचा वेग ६.२ सेकंदांत गाठते. कुटुंबासह फिरणाऱ्याला मागची ऐसपैस जागा उपयोगाचीच आहे. नवी गाडी पाहताना घरच्या ज्येष्ठांना मागे बसवून, आपल्या सोसायटीच्या गतिरोधकावरून आणि तळघरातील पार्किंगच्या उतारावरून ती एकदा नेऊन पाहावी. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात.

नव्या गाडीचा भाव

किमतींचा प्रवास बोलका आहे. जुलै २०१२ मध्ये आधीच्या ‘एफ३०’ पिढीची डिझेल गाडी २८.९० लाख रुपयांपासून सुरू होत होती. २०१९ मध्ये नव्या पिढीची सुरुवात ४१.४० लाखांपासून झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लांब अंगाची ‘३३० एलआय’ ६२.६० लाखांना जाहीर झाली. या सर्व एक्स-शोरूम किमती आहेत आणि प्रकार वेगवेगळे असल्याने तुलना काटेकोर नाही. पण कल कळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोटारींवरील जीएसटी व उपकर मिळून असलेला ४८ टक्क्यांचा भार ४० टक्क्यांवर आला. त्याने नव्या गाड्या स्वस्त झाल्या. मात्र त्याआधी घेतलेल्या गाडीचा भाव ठरवताना जुने बिल दाखवून किंमत सांगणारा विक्रेता भेटल्यास, हा फरक त्याच्या लक्षात आणून द्यावा. वापरलेल्या गाडीची तुलना आजच्या नव्या गाडीशी व्हायला हवी, मालकाने कधीकाळी मोजलेल्या रकमेशी नव्हे.

महाराष्ट्रात एक्स-शोरूम किमतीवर आरटीओ कराचा मोठा बोजा पडतो. वीस लाखांवरील गाडी व्यक्तीच्या नावावर असेल, तर पेट्रोलसाठी १३ टक्के आणि डिझेलसाठी १५ टक्के. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतल्यास २० टक्के. ६२.६० लाखांच्या पेट्रोल गाडीवर ढोबळमानाने व्यक्तीला सव्वाआठ लाखांच्या आत आणि कंपनीला साडेबारा लाखांवर कर पडतो. तरीही अनेक व्यावसायिक कंपनीच्याच नावावर गाडी घेतात, कारण प्राप्तिकरात मोटारीवर वर्षाला १५ टक्के दराने घसारा मिळतो. पगारदाराला ही सोय नाही. एकाच गाडीचा व्यावसायिकाला पडणारा आणि पगारदाराला पडणारा खर्च वेगळा असतो. मित्राने घेतली म्हणून आपणही घ्यावी, हे गणित इथे चालत नाही.

किंमत किती वेगाने उतरते, याचा एक सरळ अंदाज विमा कंपन्यांच्या तक्त्यातून मिळतो. विम्यासाठी गाडीचे मूल्य सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के कमी धरले जाते. बाजारात आलिशान गाड्यांचे भाव बहुधा याहून लवकर कोसळतात, शिवाय भरलेला आरटीओ कर तर परत मिळतच नाही. म्हणूनच तीन ते पाच वर्षे वापरलेली गाडी सर्वांत समंजस खरेदी ठरते. मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि मोठे खर्च अजून दारात आलेले नसतात. बीएमडब्ल्यूची मूळ हमी दोन वर्षांची असली, तरी ती पैसे भरून वाढवता येते. देखभालीचे आगाऊ पॅकेज घेतलेले असेल तर ते गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाऊ शकते. अशी वाढीव हमी आणि शिल्लक पॅकेज असलेल्या गाडीसाठी एक-दोन लाख रुपये जास्त मोजणे शहाणपणाचे.

इंजिन कोणते, हे आधी विचारावे

जुन्या ‘३ सीरिज’मध्ये मॉडेलच्या वर्षापेक्षा इंजिनाची पिढी महत्त्वाची असते, आणि विक्रेते नेमके याबाबत मोघम बोलतात. ‘३२०डी’ या डिझेल गाडीत सुरुवातीला ‘एन४७’ हे इंजिन होते. त्याची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातील झडपांची वेळ सांभाळणारी साखळी, मागच्या बाजूला गिअरबॉक्सकडे आहे. ती सैल होण्याची तक्रार जगभर गाजली. साखळी तुटली तर इंजिनाचा खुळखुळा होतो आणि वेळेत बदलायची म्हटले तरी गिअरबॉक्स किंवा इंजिन खाली उतरवावे लागते. पुढे त्याची जागा ‘बी४७’ने घेतली. साखळी तिथेच राहिली, पण रचना सुधारली. ओळखण्याची सोपी खूण अश्वशक्तीत आहे: जुने इंजिन १८४ अश्वशक्तीचे, नवे १९० अश्वशक्तीचे. भारतात हा बदल २०१६ च्या सुधारित मॉडेलपासून दिसतो. पेट्रोलमध्येही ‘३२८आय’च्या ‘एन२०’ इंजिनात साखळीला आधार देणारे प्लॅस्टिकचे मार्गदर्शक झिजण्याची तक्रार होती. त्यानंतरचे ‘बी४८’ अधिक भरवशाचे मानले जाते.

डिझेलचा मोह आणखी एका कारणाने तपासून घ्यावा. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. ही काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून सलग, मोकळ्या रस्त्यावर धावावी लागते. अंधेरी ते वांद्रे किंवा कोथरूड ते हडपसर एवढाच रोजचा प्रवास असेल, तर फिल्टर तुंबतो आणि बिल मोठे येते. नाशिक-मुंबई किंवा कोल्हापूर-पुणे अशी सततची ये-जा असणाऱ्याला मात्र डिझेलच योग्य. पेट्रोलच्या जुन्या गाडीबाबत वेगळा प्रश्न आहे. २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल आता सर्वत्र आहे. गाडीला ते मानवते का, हे टाकीच्या झाकणाच्या आतील सूचनेत किंवा मालकाच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे.

आठ गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स हे या गाडीचे बलस्थान. त्याचे तेल ‘आयुष्यभर’ बदलावे लागत नाही, असे बीएमडब्ल्यूचे म्हणणे. तो बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याचा सल्ला देते. तेलाचे पात्र प्लॅस्टिकचे असून फिल्टर त्यातच बसवलेला असल्याने संपूर्ण पात्रच बदलावे लागते. लाखभर किलोमीटर धावलेल्या गाडीच्या मालकाने हे काम केले असेल आणि त्याचे बिल दाखवले, तर गाडी जाणकाराच्या हातात होती असे खुशाल समजावे.

सकाळी, थंड इंजिनावर

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि ती आधी सुरू करून ठेवू नये, असे विक्रेत्याला बजावावे. साखळीची खडखड थंड इंजिनावरच ऐकू येते; तापल्यावर दोष लपतो. बॉनेटला हात लावून ते गरम लागले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. तेलाच्या फिल्टरभोवतीची गळती आणि शीतक द्रवाची पातळी पाहावी. पेट्रोल गाड्यांतील विजेवर चालणारा पाण्याचा पंप अचानक बंद पडतो, म्हणून तो कधी बदलला याची नोंद मागावी.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे हा या धंद्यातला जुना उद्योग आहे. सुदैवाने बीएमडब्ल्यूमध्ये हा आकडा केवळ समोरच्या मीटरमध्ये नसतो. गाडीतील इतर इलेक्ट्रॉनिक भागांतही त्याची नोंद राहते. अधिकृत सेवा केंद्रात चॅसी क्रमांकावरून मागची देखभाल तपासून घेता येते, तर जाणकार गॅरेजवाला निदान यंत्र लावून आकड्यांतील तफावत पकडतो. तपासणीचे काही हजार रुपये वाचवून काही लाख घालवल्याची उदाहरणे कमी नाहीत. विक्रेता तपासणीला नकार देत असेल, तर सौदा तिथेच सोडावा.

टायरकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. या गाडीला सहसा ‘रनफ्लॅट’ टायर असतात. हवा गेली तरी ताशी ८० किलोमीटर वेगाने सुमारे ८० किलोमीटर जाता येते, म्हणून बऱ्याच गाड्यांत सुटे चाक नसते. असा टायर महाग, अंगाने कडक आणि खड्ड्यात फुगवटा येण्याची शक्यता असलेला. टायरच्या बाजूवरील चार आकडी खूण पाहावी: पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षांचे चारही टायर म्हणजे खरेदीनंतर लगेच येणारे मोठे बिल. भावात ते आधीच वजा करून घ्यावे. मिश्रधातूच्या चाकांना आतील कडेला तडे आहेत का, हे गाडी वर उचलूनच कळते.

पुराच्या पाण्यातून बाहेर आलेल्या गाडीबाबत महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. २६ जुलै २००५ ची मुंबई आणि २०१९ चे सांगली-कोल्हापूर अजून आठवणीत आहे. ‘३ सीरिज’ची बॅटरी मागे डिकीत, तळाशी असते आणि विजेचे अनेक भाग खालच्या बाजूला. डिकीतील गालिचा उचलून चिखलाचा थर, बॅटरीजवळचा गंज आणि कुबट वास पाहावा. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकावर पाण्याची रेषा शोधावी. भिजलेली गाडी आज चालते आणि सहा महिन्यांनी एकेक दिवा बंद पडू लागतो. साध्या सर्वंकष विम्यातही पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू केल्याने झालेले नुकसान मिळत नाही. त्यासाठी वेगळे इंजिन संरक्षण घ्यावे लागते.

पासिंग कुठले?

बाहेरच्या राज्यातील पासिंगची गाडी स्वस्त दिसते, त्यामागे कारण असते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने ती २०१८ मध्ये कायम ठेवली. पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने मालकांना काही दिलासा दिला, पण तोवर तेथील जुन्या डिझेल गाड्यांचे भाव पडून त्या इतर राज्यांच्या बाजारांत वाट काढू लागल्या होत्या. अशी गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ महाराष्ट्रात ठेवायची तर मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र आणून येथे नवी नोंदणी करावी लागते व येथील कर भरावा लागतो. ही रक्कम आणि धावपळ धरली की स्वस्ताई बरीच कमी होते. पुदुच्चेरीच्या पासिंगमागे अनेकदा करचुकवेगिरीचा इतिहास असतो. त्या गाडीला हात न लावणेच बरे.

गाडी कंपनीच्या नावावर असेल, तर विक्रीसाठी संचालक मंडळाचा ठराव मागावा. कर्जाचा बोजा उतरला आहे, याची नोंद आरसीवर हवी. बँकेचे पत्र नुसते पाहून पैसे देऊ नयेत. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० दोघांनी मिळून भरायचे असतात आणि नाव बदलेपर्यंत शेवटचा हप्ता राखून ठेवणे उत्तम. नोंदणीकृत विक्रेत्याकडून घेतल्यास त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. तो संपूर्ण किमतीवर लावून दाखवला जात असेल, तर बिल बारकाईने पाहावे. विमा नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. जुन्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे विक्रेत्याने दाखवलेला गेल्या वर्षीचा हप्ता नव्या मालकाला त्या रकमेत मिळत नाही. सवलत पन्नास टक्क्यांची असेल, तर स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा तेवढा भाग थेट दुप्पट होतो.