सर्व्हरची बँडविड्थ नेमकी कोण वापरते?

संकेतस्थळ मंदावले किंवा होस्टिंगचे बिल वाढले की बँडविड्थ अपुरी पडत असल्याचा निष्कर्ष लगेच काढला जातो आणि अनेकदा अधिक क्षमतेची जोडणी घेऊन प्रश्न पुढे ढकलला जातो. ती बँडविड्थ नेमकी कशात खर्च होत आहे, याचा शोध मात्र क्वचितच घेतला जातो. जोडणीतून दर सेकंदाला जास्तीत जास्त किती माहिती वाहू शकते, याचे माप म्हणजे बँडविड्थ. हे माप बिटमध्ये सांगतात, तर फाइलचा आकार बाइटमध्ये सांगण्याची रीत आहे, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असल्यामुळे १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी सेकंदाला १२.५ मेगाबाइटच वाहून नेते. अशा जोडणीवरून एक टेराबाइटचा बॅकअप बाहेर पाठवायचा झाल्यास २२ तासांहून अधिक काळ लागतो, म्हणून रात्री सुरू झालेला बॅकअप दुसऱ्या दिवशी ऐन कामाच्या वेळीही चालूच असतो आणि दोष मात्र वाढलेल्या वाचकसंख्येला दिला जातो.

लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये या शोधाची सुरुवात कर्नलपासून, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्यापासून होते. प्रत्येक नेटवर्क कार्डातून किती बाइट आत आले आणि किती बाहेर गेले, याची मोजणी कर्नल सतत ठेवतो. ती थोड्या अंतराने दोनदा वाचून, आलेल्या फरकाला मधल्या सेकंदांनी भागले की प्रवाहाचा वेग मिळतो. इमारतीच्या सामाईक वीजमीटरप्रमाणे ही मोजणी एकूण वापर सांगते, कोणत्या बिऱ्हाडाने किती वीज जाळली हे सांगत नाही. तरीही ओघ आत येणारा आहे की बाहेर जाणारा, हे तिच्यावरून स्पष्ट होते, आणि तपासाची दिशा त्यावरच ठरते. येथे एक सावधगिरी हवी. जुन्या पद्धतीचे ३२ बिटांचे मोजक सुमारे ४२९ कोटी बाइटनंतर पुन्हा शून्यावर येतात आणि एक गिगाबिटच्या भरलेल्या जोडणीवर हे साधारण ३४ सेकंदांत घडते, त्यामुळे अशा मोजकावरून दर पाच मिनिटांनी घेतलेली नोंद निरर्थक ठरते. ६४ बिटांच्या मोजकांमुळे ही अडचण दूर होते.

ओघ कोणाशी चालला आहे, हे कळण्यासाठी पॅकेटकडे, म्हणजे माहिती ज्या तुकड्यांतून वाहते त्यांच्याकडे वळावे लागते. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो आणि संवाद कोणत्या सेवेशी चालला आहे हे सुचवणारे पोर्ट क्रमांक असतात; सुरक्षित वेबसाठी ४४३, टपाल पोहोचवण्यासाठी २५, नावांच्या शोधासाठी ५३. पॅकेट पकडून वाचणारा ‘टीसीपीडम्प’ हा प्रोग्रॅम १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लिहिला गेला आणि त्याच्यातून वेगळी काढलेली ‘लिबपीकॅप’ ही संहिता आजच्या अनेक साधनांच्या मुळाशी आहे. ‘आयएफटॉप’ हे त्यांपैकीच एक. कोणत्या दोन पत्त्यांमध्ये किती ओघ आहे, हे ते गेल्या २, १० व ४० सेकंदांच्या सरासरीने दाखवते.

पत्ता कळला तरी सर्व्हरवरचा कोणता प्रोग्रॅम बोलतो आहे हे उरतेच, कारण पॅकेटवर प्रोग्रॅमचे नाव नसते. ‘नेटहॉग्ज’ हे साधन तो दुवा जुळवते: पकडलेल्या पॅकेटवरील पत्ते आणि पोर्ट घेऊन ते कर्नलने मांडलेल्या चालू जोडण्यांच्या यादीत तीच जोडणी शोधते, तेथून त्या जोडणीचा अंतर्गत क्रमांक उचलते आणि मग चालू असलेल्या प्रोसेसच्या उघड्या फाइलींमध्ये तो क्रमांक कोणाकडे आहे हे पाहते. क्षणभर टिकणाऱ्या जोडण्या मात्र ही जुळणी होण्याआधीच बंद होतात आणि त्यांचा ओघ अनोळखी म्हणून नोंदला जातो. उत्तर म्हणून वेब सर्व्हरचेच नाव आले, तरी शोध संपत नाही. आत्ताचा बहुतेक ओघ कूटबद्ध असल्याने पॅकेटमधून मजकूर कळत नाही, आणि कोणती फाइल कितीदा गेली हे पाहण्यासाठी वेब सर्व्हरच्या नोंदवहीतील प्रत्येक विनंतीसमोरचा बाइटांचा आकडा फाइलनिहाय बेरजेने मांडावा लागतो. एखादा मोठा व्हिडिओ दुसऱ्याच संकेतस्थळाने आपल्या पानावर जोडून घेतलेला असणे, हे त्या बेरजेतून अनेकदा उघडकीस येते.

दिसणारा पत्ता दोषीचा असेलच असे नाही, हे २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळावर झालेल्या हल्ल्याने दाखवले. त्या दिवशी सेकंदाला १.३५ टेराबिट एवढा ओघ गिटहबवर आदळला, आणि तो सोडणारे हजारो सर्व्हर कोणी फोडलेले नव्हते. माहिती तात्पुरती साठवणारा ‘मेमकॅश्ड’ हा प्रोग्रॅम त्यांच्यावर ११२११ या पोर्टवर इंटरनेटला खुला होता. पाठवणारा खरा कोण याची खातरजमा न करणाऱ्या यूडीपी पद्धतीने तो उत्तरे देत असल्याने, हल्लेखोरांनी विनंतीवर गिटहबचा पत्ता खोटेपणाने घातला आणि सगळी उत्तरे तिकडे गेली. अशा प्रकारात १५ बाइटांच्या विनंतीला ७५० किलोबाइटपर्यंत उत्तर गेल्याचे त्या सुमारास नोंदले गेले. अशा सर्व्हरच्या व्यवस्थापकाला पडद्यावर ज्याचा पत्ता दिसतो तो चोर नसून पीडित असतो; तेवढा पत्ता अडवला, तर हल्लेखोर पुढच्या वेळी दुसऱ्याचा पत्ता घालतो. खरा उपाय आपल्याच बाजूच्या पोर्टमध्ये असतो, आणि मेमकॅश्डच्या १.५.६ या आवृत्तीपासून यूडीपी मुळातच बंद ठेवण्यात आले.

आयएफटॉप आणि नेटहॉग्जसारखी साधने चालू क्षण दाखवतात, कालची रात्र नाही. कर्नलचे मोजक सर्व्हर पुन्हा सुरू होताच शून्यापासून मोजू लागतात, तर ‘व्हीएनस्टॅट’ हा छोटा प्रोग्रॅम त्यांचे आकडे तासागणिक, दिवसागणिक आणि महिन्यागणिक साठवतो, पण बसवण्यापूर्वीचे काहीच सांगू शकत नाही. ज्यांच्याकडे सर्व्हरची जबाबदारी आहे त्यांनी तो सर्व काही सुरळीत असतानाच बसवून ठेवावा.