तलवारीआधी पाय: दांडपट्ट्याविषयीचे गैरसमज

सिंधुदुर्गात अनेकांना तलवार पहिल्यांदा दिसते ती धयकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात. जत्रेच्या रात्री पखवाज आणि झांज चढत जाते, राजा आणि राक्षस तलवारी परजत एकमेकांभोवती गिरक्या घेतात. दशावतारातले हे युद्ध तालावरचा नाच आहे; तिथला वार शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही दिसावा लागतो. खरा वार समोरच्याला आधी कळला की फुकट गेला. तरी मर्दानी खेळ शिकू पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रंगमंचावरची, नाहीतर जपानी सिनेमातली तलवार असते आणि बरेचसे गैरसमज तिथूनच निघतात.

तलवार पहिल्या दिवशी हातात पडते, हा त्यातला सर्वांत मोठा. कोल्हापूरच्या तालमींनी ही विद्या टिकवली आहे. तिथे सुरुवात पवित्र्याने होते: गुडघे किंचित वाकलेले, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर खेळता, नजर समोरच्यावर. मग लाठी. त्यानंतर फरी-गदका, म्हणजे एका हातात कातडे चढवलेली काठी आणि दुसऱ्यात लहान ढाल. जपानी केंडोमध्ये सरावाच्या हत्याराचे हेच काम ‘शिनाई’ करते. बांबूच्या चार पट्ट्या कातड्याने बांधून ती केलेली असते. अठराव्या शतकात अंगावरच्या संरक्षक साजासह ती रूढ झाली आणि जोडीदाराला जखमी न करता जोरात मारता येऊ लागले. हात आखडता घेऊन केलेल्या सरावात अंतराचा अंदाज येत नाही, हे दोन्हीकडच्या वस्तादांना पुरते ठाऊक होते. केंडोतही आधी पायच घोटून घेतात: उजवे पाऊल पुढे, डावी टाच जराशी उचललेली आणि चाल जमिनीवरून सरकती.

तलवारीला राक्षसी ताकद लागते, हा समज वजनाच्या अतिशयोक्त आकड्यांनी पोसला आहे. एका हाताने चालवायची तलवार साधारण किलोभराची असते. जपानी कतानाही त्याच्याच आसपास. दमायला होते ते वजनाने नाही, तर चुकीच्या जागी जोर लावल्याने. मराठ्यांची प्रत्येक तलवार बाकदार होती, हेही खरे नाही. फिरंग सरळ असे. तिचे पाते युरोपातून, पोर्तुगीजांसारख्या व्यापाऱ्यांमार्फत येई आणि मूठ इथे बसे.

दांडपट्टा 2024 मध्ये महाराष्ट्राचे राज्यशस्त्र ठरला. तो दिसतो लवचिक, म्हणून मनगटाच्या झटक्याने फिरत असेल असे वाटते. प्रत्यक्षात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो, आतली आडवी मूठ पकडली की मनगट जवळजवळ जखडते. साहजिकच पट्टा फिरतो खांद्याने आणि कमरेने, आणि पाय चुकले की त्याचे पाते धन्याकडेच वळते. प्रात्यक्षिकात लिंबू कापणे ही नेमकेपणाची कसोटी. लिंबू काही उलटा वार करत नाही.

दर्जा कमरेच्या रंगीत पट्ट्यावरून कळतो, ही कराटेची सवय. केंडोत ‘क्यू’ आणि ‘दान’ अशा पायऱ्या आहेत, पण कमरेला त्यांची खूण नसते. मर्दानी खेळ ही पुरुषांचीच विद्या, हा समज तर मुलींच्या तुकड्या पाहिल्यावर टिकू नये.

‘तलवार परंपरेची वस्तू आहे, घरी ठेवली तर काय बिघडले?’ असे सर्रास म्हटले जाते. शस्त्र नियम, 2016 नुसार 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांत मोडतात. सणासुदीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा तलवार घेऊन रस्त्यावर फिरणे हा गुन्हा असतो. सरावाला बोथट पाते किंवा लाकूड घेणे सोयीचे, त्याचे हेही एक कारण. मालवणच्या खाऱ्या हवेत मात्र बोथट लोखंडही लवकर गंजते. सराव संपला की घामाचे बोट लागलेले पाते कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा पातळ हात द्यावा लागतो; जपानी लोक त्यासाठी लवंगेचा वास असलेले तेल वापरतात.