कॅमेरा घ्यायचा तर

आमच्या रात्रीच्या वर्गाला एक मावशी येतात. एकदा वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी एक कागद काढला. कागदावर दोन नावे होती. अक्षर त्यांच्या मुलाचे होते, पण वाचून दाखवले मावशींनीच. पहिले नाव ‘सोनी झेड-व्ही ई-१०’. दुसरे नाव ‘कॅनन आर-५०’.

“गुरुजी, ह्यातला कंचा घ्यावा? पोरगं म्हनतंय, दोन्ही चांगलं. दोन्ही चांगलं असतं तर मग इचारायचं कशाला?”

मुलगा मोबाइलवर फोटो काढतो. बारसे, साखरपुडा, लहानसहान लग्न असे काम त्याला मिळते. पण आता लोक म्हणू लागले होते की मोबाइल तर आमच्याकडेही आहे, तू खरा कॅमेरा आण. म्हणून मावशींनी कालवड विकली होती. वर बचत गटातून काही पैसे उचलले होते. एवढी रक्कम परत जमायला वर्षे लागतात. कॅमेरा चुकीचा आला तर विकायला दुसरी कालवड नव्हती.

आमच्यातल्या एकाने पूर्वी बरीच वर्षे लग्नांचे फोटो काढले आहेत. आम्ही मावशींना म्हटले, आधी ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. मग बार्शीला जाऊन दोन्ही हातात घेऊन पाहू.

पूर्वीच्या मोठ्या कॅमेऱ्यात एक आरसा असे. भिंगातून आलेला उजेड त्या आरशावर पडे. तिथून तो वर जाई आणि डोळा लावलेल्या माणसाला चित्र दिसे. बटण दाबले की आरसा झटकन वर उचलला जाई. मग उजेड मागच्या फिल्मवर पडे. लग्नात ‘खट्याक’ असा आवाज तुम्ही ऐकला असेल, त्यात ह्या आरशाचाही आवाज असे. पुढे फिल्म गेली. तिच्या जागी उजेड टिपणारी विजेची पाटी आली. तिला सेन्सर म्हणतात. तरी आरसा राहिलाच होता. २००८ साली पॅनासॉनिक कंपनीने जी-१ नावाचा कॅमेरा काढला. त्याचे भिंग काढता-घालता येई, पण आत आरसा नव्हता. उजेड सरळ पाटीवर पडतो आणि चित्र विजेच्या पडद्यावर दिसते. अशा कॅमेऱ्याला ‘मिररलेस’ म्हणतात, म्हणजे बिनआरशाचा. आरसा गेल्यामुळे कॅमेरा लहान झाला. मावशींच्या कागदावरचे दोन्ही कॅमेरे ह्याच जातीचे. सोनीचा २०२१ साली निघाला, कॅननचा २०२३ साली. बॅटरी व कार्ड धरून सोनीचे वजन ३४३ ग्रॅम, कॅननचे ३७५ ग्रॅम. सोबतचे भिंग लावले की दोन्ही अर्ध्या किलोच्या आसपास जातात.

मोबाइल असताना हा कॅमेरा कशाला? अंगणात वाटी ठेवली आणि शेजारी परात ठेवली, तर पावसाचे पाणी परातीत जास्त साचते. उजेडाचेही तसेच आहे. मोबाइलमधली पाटी नखाएवढी असते. ह्या कॅमेऱ्यांतली पाटी टपालाच्या लहान तिकिटाएवढी असते. सोनीची २३.५ मिलिमीटर लांब आणि १५.६ रुंद. कॅननची थोडी लहान, २२.३ लांब आणि १४.९ रुंद. एवढ्याशा फरकाने फोटोत काही कळत नाही. दोन्ही पाट्यांवर सुमारे २ कोटी ४२ लाख ठिपके आहेत. दुकानदार हा आकडा फार मोठ्याने सांगतो. दोघांचा सारखाच आहे, मग तो ऐकून निवड कशी होणार?

खरी गोम भिंगात असते. लोक कॅमेऱ्याच्या नावावर पैसे टाकतात आणि भिंगाकडे पाहत नाहीत. भिंगावर एक आकडा लिहिलेला असतो. सोनीसोबत येणाऱ्या भिंगावर ३.५-५.६ असे असते. कॅननसोबतच्या भिंगावर ४.५-६.३ असते. हा आकडा उजेड आत येण्याच्या भोकाचा आहे. आकडा मोठा, तर भोक लहान. हे उलटे वाटते. मावशींनाही वाटले. तेव्हा आम्ही भाकरीचा दाखला दिला. भाकरीचे चार वाटे केले तर एक वाटा मोठा येतो. सहा वाटे केले तर लहान येतो. इथला आकडा म्हणजे तो खालचा, वाट्यांचा आकडा.

“म्हंजी सहा म्हटलं की तुकडा बारका,” मावशी म्हणाल्या. अगदी बरोबर.

म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांची सोबतची भिंगे दिवसा चांगली, पण रात्री अशक्त. आणि आपल्याकडे हळद रात्री, वरात रात्री. मांडवात चार दिवे, तेही नवरा-नवरीच्या पाठीमागे! तिथे मोठ्या भोकाचे भिंग लागते. १.८ आकड्याचे भिंग हे ६.३ च्या भिंगापेक्षा सुमारे बारा पट उजेड आत घेते. कॅननचे ५० मिलिमीटरचे १.८ भिंग त्या मानाने स्वस्त मिळते. त्याने चेहरा जवळचा येतो, मागचे सगळे पुसट होते. मात्र ते पुढेमागे ओढता येत नाही. आपणच पावले टाकायची. सोनीसाठी अशी भिंगे निरनिराळ्या कंपन्यांची आणि पुष्कळ मिळतात, जुन्या बाजारातही मिळतात. कॅननच्या ह्या नव्या तोंडासाठी सिग्मा कंपनीची भिंगे २०२४ सालापासून येऊ लागली. तेव्हा भिंगांच्या बाबतीत सोनीचे पारडे जड आहे, हे कबूल करायला हवे.

एवढे बोलून आम्ही बार्शीला गेलो. चैत्राचे ऊन होते. दुकानात दोन्ही कॅमेरे छान दिसत होते. शेठजींनी पंख्याखाली बसवून चहा दिला आणि सोनीचा एक फोटो काढून दाखवला. आम्ही म्हटले, शेठ, जरा बाहेर उन्हात नेऊन पाहू द्या. त्यांना ते फारसे रुचले नाही, पण दिले.

बाहेर आल्यावर मुलगा गोंधळला. सोनीच्या मागच्या पडद्यावर त्याला आपलेच तोंड दिसू लागले. ऊन पडद्यावर पडले की चित्र फिके पडते. पडद्याचा उजेड वाढवता येतो, पण भर दुपारी तो पुरत नाही. ह्या सोनीला डोळा लावून पाहायची खिडकी नाही. कॅननला ती आहे. खिडकीला डोळा लावला की बाहेरचे ऊन अडते आणि चित्र स्वच्छ दिसते. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकतो, त्यामुळे हातही कमी हलतो. दुपारच्या मुहूर्ताला उघड्या मैदानात उभे राहून अक्षता पडताना फोटो काढायचा, तर ह्या खिडकीची किंमत कळते.

मग सोनी वाईट का? मुळीच नाही. सोनी मुळात व्हिडिओसाठी केलेला आहे. त्याच्याबरोबर माइकवर बसवायची केसाळ टोपी येते. वारा सुटला तर आवाजात घरघर कमी होते. कानाला हेडफोन लावून आवाज नीट येतो की नाही हे त्यात तिथेच ऐकता येते. कॅननला बाहेरचा माइक लागतो, पण हेडफोनची जागा नाही. भजन, पोवाडा, गावातले वक्ते असे काही टिपून विकायचे असेल, तर आम्ही सोनीच घ्यायला सांगू. फक्त तो झपकन फिरवू नये. तसे केले तर व्हिडिओत मांडवाचे खांब तिरके दिसतात.

फ्लॅशचे मात्र नीट ऐका, कारण इथेच पुष्कळ जण फसतात. कॅननमध्ये एक छोटा फ्लॅश आतच आहे. तो दोन-चार पावलांपुरता. सोनीत तोही नाही. मुलाला एका मित्राने जुना कॅननचा फ्लॅश देऊ केला होता. तो आम्ही बरोबर नेला होता. कॅनन आर-५० च्या डोक्यावरची फ्लॅशची जागा नव्या धर्तीची आहे. जुना फ्लॅश तिथे सरळ चालत नाही, मध्ये कंपनीचा एक जोडतुकडा घ्यावा लागतो. त्याचे पैसे वेगळे. दुसऱ्या कंपनीचा स्वस्त फ्लॅश चालेलच असेही नाही. म्हणून आपला फ्लॅश दुकानात नेऊन, लावून, उडवून पाहावा. सोनी घेणाऱ्यानेही डब्यावरचे नाव पुरते वाचावे. २०२४ साली ‘झेड-व्ही ई-१० दोन’ असा नवा कॅमेरा निघाला. त्याची बॅटरी मोठी आहे, पण त्यातला आतला उघडझाप करणारा पडदा काढून टाकला आहे. फ्लॅशवर काम करणाऱ्याला तो अडचणीचा. नाव एकच, शेवटी एक आकडा जास्त, आणि वस्तू निराळी!

आणखी एक गोष्ट दोघांतही सारखी आहे, आणि ती वाईट आहे. कार्डाची जागा एकच. महागड्या कॅमेऱ्यांत दोन कार्डे बसतात, एकावर काढलेला फोटो दुसऱ्यावरही उतरतो. इथे कार्ड बिघडले की लग्न गेले. आमच्यातल्या ज्यांनी हे काम केले, त्यांच्या हातून एकदा असेच झाले होते. बाजारात स्वस्त मिळालेले नकली कार्ड होते. हळदीपासून पाठवणीपर्यंत एकही फोटो वाचला नाही. पैसे परत केले. पण त्या लग्नानंतर चार महिन्यांनी नवरीचे वडील वारले, आणि मुलीजवळ लग्नातला त्यांचा एकही फोटो नव्हता. हे ते अजून सांगतात तेव्हा खाली बघून सांगतात. म्हणून चांगल्या कंपनीची दोन कार्डे घ्यावीत. हळदीचे एक, लग्नाचे एक. घरी आल्याबरोबर फोटो दुसरीकडे उतरवावेत, मग जेवावे.

बॅटरी दोन्हींची लहान. सोनीच्या कंपनीच्या मापाने एका भरणीत सुमारे ४४० फोटो निघतात. व्हिडिओ करत राहिले तर बॅटरी फार लवकर संपते. आपल्याकडे वीज लग्नाच्या वेळीच जाते. दोन बॅटऱ्या जादा हव्यातच.

किमतीत दोघांचा फार मोठा फरक नव्हता. भाव वरखाली होतात, म्हणून आकडा लिहीत नाही. शेठजी म्हणाले, “पिशवी आणि तिपाई फुकट देतो.” मावशींनी विचारले, “फुकट हाय तर तिची किंमत कमी करा, पिशवी मी शिवीन.” शेठजी हसले. शेवटी पिशवी-तिपाईऐवजी एक जादा बॅटरी मिळाली.

मुलाला आम्ही एकच विचारले. दहा गिऱ्हाइकांतले किती जण फोटो मागतात आणि किती व्हिडिओ? तो म्हणाला, “आठ जन फोटोच मागत्यात.” मग कॅनन ठरला. सोबतचे भिंग आणि ५० चे भिंग, दोन्ही घेतली. फ्लॅशचा जोडतुकडा पुढच्या महिन्यावर टाकला. पक्के बिल घेतले. डब्यावरचा नंबर आणि कॅमेऱ्याच्या बुडाचा नंबर मावशींनी बोट ठेवून एकेक अंक जुळवून पाहिला. बिलावरही तोच नंबर लिहून घेतला. नंबर जुळला नाही किंवा बिल नसेल, तर पुढे दुरुस्तीला कंपनी हात लावायला कुरकुर करते.

पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. आतून कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसू लागते आणि मग ते पुसून निघत नाही. म्हणून कॅमेरा कातडी पिशवीत कोंडून ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून ठेवावा. त्या पुड्या औषधांच्या बाटल्यांत असतात तशाच, पण मोठ्या मिळतात. जुने भिंग विकत घेताना ते दिव्यासमोर धरून आरपार पाहावे, ते ह्याचसाठी.

मावशींच्या घरी आता असा डबा आहे. लाडवांचाच आहे. त्याच्यावर चिठ्ठी चिकटवून मावशींनी आपल्या हाताने लिहिले आहे, “येथे पाण्याचा तांब्या ठेवू नये.” ‘तांब्या’ लिहिताना ‘ब’ला ‘य’ जोडायचा राहिला होता. तो त्यांनी नंतर वर बारीक अक्षरात घातला आहे.