तारण काय ठेवणार?

धंद्यात उतरू पाहणाऱ्या बाईला आजही उठताबसता एकच सल्ला मिळतो : हिंमत हवी. पण महाराष्ट्रातल्या गेल्या साठ-पासष्ट वर्षांकडे मागे वळून पाहिलं, तर हिंमत तोकडी पडल्याचं फारसं दिसत नाही. तोकडा पडला तो पैसे देणाऱ्यांचा विश्वास. तो विश्वास बायकांनी एकीने मिळवला, आणि तो मिळत गेला तशी त्यांची स्वप्नंही मोठी होत गेली.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसनं. पहिल्या दिवशी चार पाकिटं पापड झाले. तोटा आला तरी देणगी घ्यायची नाही आणि इथे काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण, ही तत्त्वं त्यांनी कधी सोडली नाहीत. केंद्रावर मळलेलं पीठ घरी न्यायचं, पापड लाटून, वाळवून परत आणायचे आणि लाटणावळ घ्यायची, या पद्धतीमुळे घराबाहेर पडण्याची मुभा नसलेलीलाही कमाई करता आली. ‘लिज्जत’ उभी राहिली ती अशी. त्या सात जणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

गिरणगावातल्या खानावळवाल्यांचं दुखणं निराळं होतं. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत आणि पगार झाला की पैसे देत. तोवर किराणा उधारीवर आणि हातखर्च सावकाराच्या व्याजावर. दोन वेळा डझनभर माणसांचा स्वयंपाक करणारी बाई कष्ट करूनही कर्जातच असे. गोवा मुक्तिलढ्यातून कामगार चळवळीत आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे ओळखलं आणि १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १९६९ मध्ये मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबांनाही कर्ज मिळेल अशी आशा होती. पण बँकेत तारण मागितलं की या बायकांकडे दाखवायला काही नसे. मग त्याच एकमेकींना जामीन राहिल्या, आणि कर्ज मिळालं. १९८२ च्या संपाने गिरण्या थंडावल्या, जेवणारे कामगार गावी परतले. अशा वेळी बाईला एकटीने टिकणं कठीणच. पाठीशी मंडळ असल्याने अनेकींना निभावता आलं.

तारण नसण्याचं मूळ सातबाऱ्यात होतं. शेती तिच्या घामाची, नाव मात्र नवऱ्याचं. शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मी मुक्ती’ मोहिमेने बायकोच्या नावे जमीन करून देण्याचं आवाहन केलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत हिंदू कुटुंबातल्या मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. देशभर तो यायला २००५ उजाडलं.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटते ती साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली, म्हसवडची घटना. रस्त्याकडेला पालात राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाआधी ताडपत्री घ्यायची होती. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे, तर बँक खातं उघडेना. रक्कम फारच लहान. मग सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते. बायकांनी लिहायला-वाचायला शिकायला सुरुवात केली आणि पुन्हा अर्ज केला. ‘मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला सांगा,’ असं त्यांनी तिथे बजावलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाजारात बसून रोज हिशेब करणाऱ्या बाईचं शहाणपण हीच तिची पत, हे त्या दिवशी सरकारदरबारी मान्य झालं.

पुढचा काळ मोठ्या उड्यांचा होता. फाल्गुनी नायर यांनी वयाच्या पन्नाशीच्या तोंडावर, २०१२ मध्ये मुंबईत सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणारी ‘नायका’ ही कंपनी सुरू केली आणि २०२१ मध्ये ती शेअर बाजारात नोंदवली. गुंतवणूक बँकिंगमध्ये सुमारे दोन दशकं काढलेल्या त्यांना भांडवल कसं उभं राहतं, हे आतून ठाऊक होतं. भांडवलाशी अशी ओळख असली की स्वप्नाचा आकार बदलतो.

म्हणूनच बचत गटांना पापड-लोणच्यांपुरतं बांधून ठेवणं मला खटकतं. छोटी कर्जं वेळेवर फेडणाऱ्या बाईला यंत्रासाठी, गोदामासाठी, दुसऱ्या शाखेसाठी मोठं कर्ज मागता यायला हवं आणि तिचा फेडीचा इतिहास तिथे तारण म्हणून चालायला हवा. घरच्यांनीही हिमतीचे धडे देण्याआधी घराच्या, शेताच्या कागदावर तिचं नाव लावावं. ती काय उभं करू शकते, याचा पुरावा मागण्याचे दिवस कधीच सरले आहेत.